दोन मिलिमीटरांचा हिशेब

नांदगाव खंडेश्वरासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एखाद्या गृहस्थाने, पडलेल्या दाढेच्या जागी काढघाल करण्याची कवळी नको, तर जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर पक्का दात घ्यावा असे मनात आणले, म्हणजे तोंडाची पहिली पाहणी गावातल्या दवाखान्यात, हाडाचे चित्र बडनेऱ्यापलीकडे अमरावतीस, मापावरून होणारे कारागिरीचे काम आणखी तिसऱ्याच शहरातील लॅबमध्ये, आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया ठराविक वारी दौऱ्यावर येणाऱ्या तज्ज्ञाच्या हातून, अशी त्याच्या एका दाढेची चार ठिकाणी वाटणी होते. ज्याला आता लहानथोर सगळेच इम्प्लांट म्हणतात ते हे दंतरोपण जेव्हा चुकते, तेव्हा ते शस्त्रक्रिया करणाराचा हात थरथरल्यामुळे क्वचितच चुकते. या चार ठिकाणांच्या दरम्यान प्रत्येक हस्तांतरणात पाव-अर्धा मिलिमीटर हरवत गेला आणि त्या हरवलेल्याची बेरीज कोणीच केली नाही म्हणून ते चुकते, असे माझे मत आहे. पुढील सूचना याच मताच्या आधाराने लिहिलेल्या असून त्या मुख्यतः रुग्णासाठी व त्याच्या घरच्या मंडळींसाठी आहेत. तालुक्याच्या गावी नव्याने दवाखाना थाटलेल्या एखाद्या तरुण दंतवैद्याच्या नजरेस त्या पडल्या, तर त्यांत आपला अधिक्षेप आहे असे त्याने मानू नये.

प्रथम, एवढ्या काटेकोरपणाची निकड येथेच का, हे समजून घेतले पाहिजे. आपला नैसर्गिक दात हाडात थेट चिणलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती सूक्ष्म तंतूंचे एक पातळ आवरण असते, आणि त्या आवरणामुळेच वाकडा आलेला दात तारा लावून वर्ष-दोन वर्षांत सरळ करता येतो. टायटॅनियमच्या स्क्रूची गोष्ट निराळी आहे. हा धातू हाडाशी एकजीव होतो, मध्ये तंतू नाहीत की सिमेंट नाही, हे स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या ध्यानात १९५० च्या दशकात सशांच्या हाडांवरील प्रयोगांत आले आणि १९६५ साली त्यांनी गॉथेनबर्ग येथे पहिल्या मनुष्यावर हा उपाय योजला. त्या गृहस्थाच्या तोंडातील रोपणे पुढे चाळीस वर्षे, म्हणजे त्याच्या मृत्यूपर्यंत, टिकली. परंतु ज्या गुणामुळे हे रोपण इतके टिकाऊ ठरते, त्याच गुणामुळे ते क्षमा करीत नाही. हाडाने एकदा धरलेला स्क्रू तिरपा असेल तर तो जन्मभर तिरपाच राहतो, आणि मग वरच्या कॅपमध्ये तो तिरपेपणा कसाबसा झाकणे, किंवा हाड कोरून तो काढून टाकणे, यांखेरीज तिसरा मार्ग उरत नाही.

आता हद्दींचा तपशील पाहू. खालच्या जबड्यात मागच्या दाढांच्या खालून एक मज्जातंतू जातो, तो पुढे येऊन ओठाला व हनुवटीला संवेदना देतो. रोपणाचे टोक आणि त्या मज्जातंतूची नळी यांमध्ये किमान २ मिलिमीटर हाड शिल्लक राहावे असा दंडक आहे. शेजारच्या दाताच्या मुळापासून सुमारे दीड मिलिमीटर आणि दोन रोपणांमध्ये सुमारे ३ मिलिमीटर अंतर राखावे लागते. वरच्या जबड्यात मागच्या बाजूस हाडात हवेची पोकळी असते, तर खालच्या जबड्यात जिभेकडच्या अंगाला हाड आत वळून खोलगट झालेले असते. त्या खोलगटीतून ड्रिल बाहेर पडला तर जिभेखाली होणारा रक्तस्राव श्वासावर बेतू शकतो. या सर्व हद्दी सांभाळून काम करावयाचे, आणि त्यात कोनाचा हिशेब असा आहे की, १२ मिलिमीटर लांबीचे रोपण केवळ ५ अंशांनी कलले तर त्याचे टोक सुमारे १ मिलिमीटर बाजूला जाते. त्यातच भोकाच्या तोंडाशी अर्धा मिलिमीटर त्याच दिशेला चूक झाली असेल, तर शेजारच्या मुळासाठी राखून ठेवलेले दीड मिलिमीटर तेथेच संपले.

संगणकावर आखणी करून, त्यावरून बनविलेल्या सर्जिकल गाईडच्या, म्हणजे दातांवर वा हिरडीवर बसवून कडीतून ड्रिलला वाट दाखविणाऱ्या साच्याच्या, साहाय्याने रोपण केले की हा प्रश्न मिटतो, असा समज जाहिरातींनी पसरविला आहे. तो पूर्णपणे खरा नाही. अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करणारा एक आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात गाईड वापरूनही आखणी आणि प्रत्यक्ष जागा यांत भोकाच्या तोंडाशी सरासरी १.२ मिलिमीटर, टोकाशी १.४ मिलिमीटर आणि कोनात ३.५ अंश इतका फरक आढळला. सरासरी याचा अर्थ काहींच्या वाट्याला याहून कमी व काहींच्या वाट्याला याहून अधिक. वर सांगितलेला २ मिलिमीटरांचा दंडक हा चैनीचा नसून, एवढी चूक होणारच हे गृहीत धरून ठेवलेली शिल्लक आहे, हे यावरून ध्यानात यावे. आणि जो आखणी करतानाच त्या शिलकेला हात घालतो, त्याने गाईड वापरला काय आणि न वापरला काय.

आखणीचा आरंभ हाडापासून नव्हे, दातापासून व्हावा. जेथे हाड भरपूर दिसते तेथे स्क्रू बसवून टाकावा आणि मागाहून त्यावर दात कसा बसतो ते पाहावे, ही जुनी रीत आता त्याज्य समजली जाते. समोरच्या दातांशी चावा कसा जुळेल, कॅपचा आकार केवढा असेल, घास चावताना जोर कोणत्या दिशेने येईल, हे आधी ठरवून, त्या अजून न बसविलेल्या दाताच्या बरोबर खाली रोपणाची जागा शोधावी. तेव्हा रुग्णाने दंतवैद्याला पहिला प्रश्न विचारावा तो स्क्रूच्या कंपनीविषयी नव्हे, तर 'वरचा दात कुठे आणि कसा येणार, ते मला मॉडेलवर दाखवाल काय?' असा विचारावा. या प्रश्नाला जो उत्साहाने उत्तर देतो त्याच्या स्वाधीन आपला जबडा करण्यास हरकत नसावी.

दुसरा प्रश्न चित्राचा. सगळे दात एका पट्टीत दाखविणारे जे ओपीजी चित्र बहुतेक दवाखान्यांत निघते, ते प्राथमिक पाहणीस उपयोगी असले तरी त्यात हाडाची जाडी मुळीच दिसत नाही आणि लांबी खऱ्यापेक्षा पाव हिश्शाने मोठी दिसू शकते. म्हणजे १० मिलिमीटरांचे हाड कागदावर साडेबारा भरते. त्या मापावर भरवसा ठेवून रोपणाची लांबी निवडणे म्हणजे मज्जातंतूशी खेळ होय. त्याऐवजी सीबीसीटी नावाचे त्रिमितीय स्कॅन काढले असता हाडाची उंची, जाडी, उतार व मज्जातंतूची नळी ही सर्व मोजता येतात. मात्र हे यंत्रही दिलेलेच टिपते. स्कॅन चालू असता त्या दहा-वीस सेकंदांत मान हलली, गिळले गेले, तर चित्र पुसट येते आणि त्या पुसटपणातच अर्धा मिलिमीटर जातो. नथ, कुडी, चष्मा, केसांतील आकडे, काढता येणारी कवळी ही बाहेर काढून ठेवावी. तोंडात धातूच्या कॅपा असतील तर त्यांच्यापासून निघणाऱ्या पांढऱ्या रेघा शेजारच्या दातांची रूपरेषा पुसून टाकतात, म्हणून त्यांची कल्पना स्कॅन करणाराला आधीच द्यावी. वरचे व खालचे दात एकमेकांवर टेकलेले नसावेत, यासाठी त्यांच्यामध्ये कापसाची गुंडाळी धरावयास सांगतात. न सांगितल्यास आपण विचारावे, कारण दात मिटलेले असले की संगणकावर वरचा-खालचा भेद करणे कठीण जाते. आणि स्कॅन झाल्यावर केवळ छापील फिल्म घेऊन परत येऊ नये. मूळ फाईल सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्यावी, कारण आखणी फिल्मवर होत नाही.

दाढ काढून किती दिवस झाले, याचाही अचूकतेशी निकट संबंध आहे. दात निघाल्यावर हाडाची कड खचू लागते आणि पहिल्या वर्षात तिची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते. या ऱ्हासाचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच घडतो. 'पिकाचे पैसे हाती आले की पाहू' म्हणून तीन-चार हंगाम लोटलेल्या रुग्णाच्या जबड्याची कड चाकूच्या पात्यासारखी निमुळती झालेली असते, आणि अशा उतारावर ड्रिल टेकविला की तो कठीण भागावरून घसरून मऊ भागाकडे ओढला जातो. पैसे नसतील तर नसोत. परंतु दाढ काढण्याच्या दिवशीच पुढे रोपण करावयाचे की नाही याची वाच्यता दंतवैद्याजवळ करून ठेवावी, म्हणजे हाड राखण्याची काही तजवीज त्याला वेळीच सुचविता येते.

माप आणि मॉडेल यांच्या बाबतीत वऱ्हाडच्या उन्हाळ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ॲल्जिनेट नावाचे जे स्वस्त व सर्वत्र मिळणारे मापाचे द्रव्य आहे, ते हवेत पडून राहिले की पाणी सोडून आक्रसते. त्यात पंधरा-वीस मिनिटांच्या आत प्लॅस्टर ओतले गेले नाही तर त्यावरून बनणारा दातांचा नमुना खोटा होतो. वैशाखात पारा पंचेचाळिसावर गेलेला असता असे माप डब्यात घालून एसटीने अमरावतीस पाठविणे हे वेळेची बचत करण्याच्या नादात सर्वच गमाविण्यासारखे आहे. गाईड बनवावयाचा असेल तर माप सिलिकॉनच्या द्रव्यात घ्यावे, ते प्रवासात टिकते. किंवा त्याहून बरे म्हणजे तोंडातच फिरवावयाच्या स्कॅनरने माप घेऊन त्याची फाईल पाठवावी, तिला ऊन लागत नाही. लॅबकडून आलेला गाईडही रेझिनचा असतो. तो दुपारभर बंद मोटारीत काचेपाशी राहिला, किंवा त्या विशिष्ट रेझिनला न सोसणाऱ्या वाफेत निर्जंतुक केला गेला, तर तो डोळ्यांना न दिसेल इतका वाकतो.

आता गाईडविषयी, कारण अचूकतेची सगळी मदार तेथे आहे असे लोक मानतात. भूमिअभिलेखाच्या कचेरीतला नकाशा कितीही बिनचूक असला, तरी मोजणीदाराने ज्या दगडापासून मोजणीस आरंभ केला तो दगडच कोणी सरकविलेला असेल, तर धुरा शेजाऱ्याच्या शेतात पडणारच; गाईडचे नेमके तसेच आहे. उरलेल्या दातांवर घट्ट बसणारा गाईड सर्वांत विश्वसनीय, नुसत्या हिरडीवर बसणारा त्याहून कमी, कारण हिरडी दाबली जाते व सरकते, आणि हिरडी उघडून हाडावर टेकविलेला बहुधा सर्वांत कमी. म्हणून ज्याचे सगळेच दात गेले आहेत त्याच्या बाबतीत गाईड हाडात बारीक पिनांनी जखडून घेतल्याशिवाय काम सुरू होऊ नये. दातांवरच्या गाईडला जागोजाग छोट्या खिडक्या ठेवलेल्या असतात. त्यांतून दाताचा माथा गाईडला चिकटलेला दिसतो की मध्ये फट आहे, हे दंतवैद्याने शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, तर दोन-चार दिवस आधीच एकदा तोंडात बसवून पाहावे. दोन्ही बाजूंस आळीपाळीने बोट दाबले असता गाईड डुलला, तर तो परत पाठवावा. त्या वेळी खर्च झालेल्या पैशाची हळहळ बाळगू नये.

येथे रुग्णाकडून एक चूक वारंवार होते. माप घेतल्यानंतर व शस्त्रक्रियेच्या आधी, मधल्या तीन-चार आठवड्यांत, दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात तो एखादी दाढ भरून घेतो किंवा नवी कॅप बसवून घेतो, आणि ते सांगावयास विसरतो. गाईड हा मापाच्या दिवशीच्या तोंडाचा आहे. मधल्या काळात तोंडात कसलाही फेरफार झाला की तो गाईड दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडाचा ठरतो. हेच कारण दाखवून मी असेही म्हणेन की स्कॅन, माप आणि शस्त्रक्रिया यांच्यात महिन्या-दीड महिन्याहून अधिक अंतर पडू देऊ नये. तज्ज्ञाची तारीख पुढे ढकलली गेली तर गाईड पुन्हा बसवून पाहण्याचा आग्रह धरावा.

सर्वांत अधिक लिहावयाचे ते खर्ऱ्याविषयी, कारण त्याचा आणि अचूकतेचा संबंध कोणी सांगत नाही. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा आपल्या विदर्भात शाळकरी मुलापासून नोकरदारापर्यंत पसरला आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तरी पानठेल्यावर हाताने घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्याचे चलन कमी झाले असे दिसत नाही. त्यातील सुपारीमुळे गालाच्या आतील अस्तर वर्षानुवर्षे कठीण होत जाते, त्यात दोऱ्यासारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडण्याची शक्ती घटते. आता गाईडमधून चालविण्याचे ड्रिल, वरची कडी ओलांडून हाडापर्यंत पोहोचावयाचे म्हणून, साध्या ड्रिलपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर लांब असतात. मागच्या दाढेच्या जागी ते उभे धरावयाचे तर तोंड पुरेसे उघडले पाहिजे. न उघडल्यास यंत्राचे डोके वरच्या दातांना अडते, ड्रिल तिरपा शिरतो, आणि गाईडच्या कडीवर रेटा बसून गाईडही उचलला जातो. संगणकावरची आखणी निर्दोष, गाईड निर्दोष, आणि तरी रोपण वाकडे, याचे मूळ पुष्कळदा पानठेल्यावर असते.

म्हणून आपल्या हाताची तीन मधली बोटे एकमेकांस चिकटवून, एकावर एक अशी उभी समोरच्या दातांमध्ये घालून पाहावी. ती सहज जात असतील तर ठीक. दोनच जात असतील तर ही गोष्ट पहिल्या भेटीतच स्पष्टपणे सांगावी, संकोचाने लपवू नये. मग खर्रा बंद करून तोंड उघडण्याचे व्यायाम व उपचार आधी करावयाचे, कमी लांबीचे ड्रिल वापरावयाचे, गाईडची कडी बाजूने उघडी ठेवावयाची, की मागच्या दाढेचा बेतच सोडून द्यावयाचा, हे दंतवैद्याला ठरविता येईल. तसेच तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम वा तिखट सोसेनासे होणे, यांपैकी काही असेल, तर रोपणाचा विचार बाजूला ठेवून प्रथम त्याचीच तपासणी करावी. हा कर्करोगापूर्वीचा टप्पा असू शकतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्ण पडून असतो आणि त्याने निमूट पडून राहावे हेच बरे. परंतु आधी विचारून ठेवण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, पहिले बारीक भोक पाडल्यावर त्यात धातूची काडी घालून एक छोटा क्ष-किरण काढला जाईल काय? त्या क्षणी कोन चुकलेला दिसला तर तो दुरुस्त करता येतो, पुढचे जाड ड्रिल फिरल्यावर येत नाही. खोलीसाठीही हे चित्र हवे, कारण ड्रिलवरील खोलीची खूण ही पुष्कळदा त्याचे टोकदार अग्र सोडून मोजलेली असते, म्हणजे प्रत्यक्ष भोक खुणेपेक्षा थोडे खोल जाते. हा फरक कंपनीगणिक निराळा असून अनोळखी संच हाताळणाऱ्या नवशिक्यास तो मज्जातंतूपर्यंत नेऊ शकतो. दुसरी गोष्ट, पाण्याची. हाड ४७ अंश सेल्सिअसपर्यंत एक मिनिट तापले तरी ते मरू लागते. गाईडने जागा झाकलेली असल्यामुळे सलाईनची धार आत नीट पोहोचत नाही, तेव्हा ड्रिल धारदार असावा, तो वरखाली करीत चालवावा आणि मध्ये मध्ये बाहेर काढून भोक धुवावे. अचूक जागी बसविलेले परंतु भाजलेल्या हाडातले रोपण काही आठवड्यांत हातात येते.

प्रत्येक रोपणाला गाईड हवाच, असे मात्र मी म्हणणार नाही. पुढे-मागे दोन्ही दात शाबूत आहेत, हाड रुंद आहे, मज्जातंतू दूर आहे, अशा एका दाढेसाठी अनुभवी हात पुरेसा असतो. गाईडने कौशल्याची उणीव भरून निघत नाही, आणि ज्याला गाईडशिवाय हे काम येत नाही त्याने गाईड घेऊनही ते करू नये. कारण गाईड ऐन वेळी बसला नाही तर काय करावयाचे, हे त्याला ठाऊक नसते. २०१७ साली चीनमध्ये शिआन येथे एका यंत्रमानवाने रुग्णाच्या तोंडात दोन रोपणे बसविल्याची वार्ता जगभर गाजली. तिचे कौतुक करावे, परंतु समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला म्हणून तो यंत्रमानवही उद्या त्यावरून येईल अशी वाट पाहत दाढ अडवून ठेवू नये. गुंतागुंत अधिक असेल, सगळेच दात गेलेले असतील, मधुमेह आटोक्यात नसेल, किंवा दोन ठिकाणी दोन निरनिराळे सल्ले मिळाले असतील, तर अमरावतीचे विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय, सावंगी मेघे येथील शरद पवार दंत महाविद्यालय किंवा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय येथे जाऊन आणखी एक मत घ्यावे. तेथे वेळ अधिक लागतो. परंतु तपासणी, चित्र आणि शस्त्रक्रिया एकाच छताखाली होण्याची शक्यता असते, आणि प्रारंभी सांगितलेल्या हस्तांतरणांची संख्या तेवढीच कमी होते. ते जमत नसेल तर गावातल्या आपल्या दंतवैद्यालाच सर्व व्यवहाराचा कारभारी नेमावे. चित्र पाहून, माप तपासून, गाईड बसवून झाल्यावर दौऱ्यावरील तज्ज्ञाशी तोच बोलेल, असे ठरवून घ्यावे.

काम झाल्यावर रोपणाच्या डबीवरील चिकटपट्टी, जिच्यावर कंपनीचे नाव, व्यास, लांबी व लॉट क्रमांक छापलेला असतो, ती आपल्या कागदावर चिकटवून मागावी आणि शेवटच्या क्ष-किरणासह सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी जपून ठेवावी. दहा वर्षांनी वरचा स्क्रू सैल झाला आणि बसविणारा तज्ज्ञ गाव सोडून गेला असला, तर त्या चिठ्ठीवाचून कोणालाही योग्य किल्ली सापडत नाही. खालच्या जबड्यात हाड धरावयास सुमारे तीन महिने, वरच्यात त्याहून अधिक, सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात. तोवर त्या बाजूने भाकरी चावण्याची घाई करू नये.

आणि एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या रात्रीच पाहावयाची. सुन्न करण्याचे औषध काही तासांत उतरते. खालच्या जबड्यात रोपण केले असता सकाळी उठल्यावरही अर्धा ओठ व हनुवटी बधिरच असेल, तर 'हळूहळू येईल' असे म्हणून पुढच्या दौऱ्याच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी दंतवैद्यास गाठून पुन्हा चित्र काढावयास लावावे. रोपण मज्जातंतूवर टेकलेले आढळले तर पहिल्या दीड-दोन दिवसांत ते मागे घेतल्यास संवेदना परत येण्याचा संभव बराच अधिक असतो.